आभाळातली तबकडी

मुलांना आकाशाविषयी काही सांगू लागलो, की एक प्रश्न हमखास येतो. मी शनीच्या कड्यांविषयी बोलत असतो, फळ्यावर गुरूच्या उपग्रहांची आकृती काढीत असतो. तोच मागच्या बाकावरून एखादा हात वर होतो. "सर, उडत्या तबकड्या खऱ्या असतात का?" वर्ग एकदम शांत होतो. शनी आणि गुरू बिचारे फळ्यावरच राहतात आणि चाळीस जोडी डोळे माझ्या तोंडाकडे लागतात.

त्या डोळ्यांना एकच शब्द हवा असतो. 'हो' म्हटले तर वर्गात आनंदाची लाट उसळेल, 'नाही' म्हटले तर हिरमोड होईल. मला मात्र या दोहोंपैकी कोणताच शब्द उच्चारवत नाही. 'हो' म्हणण्याजोगा पुरावा अजून कोणी पुढे ठेवलेला नाही, आणि तोंडावर फेकलेला 'नाही' काय करतो, ते मी आमच्या घरातच पाहिले आहे. म्हणून मी त्या मुलाला खाली बसवतो आणि तबकडी हा शब्द कोठून आला, तेथून गोष्टीला आरंभ करतो.

२४ जून १९४७ या दिवशी केनेथ अर्नोल्ड नावाचा एक अमेरिकन वैमानिक आपले छोटे विमान घेऊन वॉशिंग्टन राज्यातील माउंट रेनिअर या हिमाच्छादित पर्वताजवळून चालला होता. त्याला दूरवर नऊ चकाकणाऱ्या वस्तू ओळीने जाताना दिसल्या. दोन शिखरांमधले अंतर त्यांनी किती वेळात कापले ते त्याने घड्याळावर पाहिले, आणि त्यांचा वेग ताशी सुमारे १९०० किलोमीटर असावा असा हिशेब केला. त्या काळच्या कोणत्याही विमानाला असा वेग ठाऊक नव्हता. खाली उतरल्यावर त्याने वार्ताहरांना सांगितले, की पाण्यावर भिरकावलेली बशी जशी टप्पे घेत जाते तशा त्या जात होत्या. आपणही तळ्यात चपटे दगड फेकून हा खेळ खेळतो. दगड पाण्याला टेकतो, उसळतो, पुन्हा टेकतो. अर्नोल्ड पुढे नेहमी सांगत असे, की ही उपमा मी गतीला दिली होती, आकाराला नव्हे. परंतु वृत्तपत्रांना बशी तेवढी आवडली. 'उडत्या बश्या' हे शब्द दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी देशभर पोहोचले. मराठीत येता येता बशीची तबकडी झाली. आणि मौज अशी, की त्यानंतर ज्यांना ज्यांना आकाशात काही दिसले, त्यांपैकी पुष्कळांना ते बशीसारखेच गोल दिसले!

शब्द असे खोडकर असतात. १८७७ मध्ये शियापारेली या इटालियन ज्योतिर्विदाला मंगळावर काही रेषा दिसल्या. त्यांना त्याने इटालियन भाषेत जो शब्द वापरला त्याचा अर्थ 'चर' असाही होतो आणि 'कालवे' असाही. इंग्रजीत कालवे झाले. कालवे म्हटले की ते खणणारे आले. १९६५ मध्ये मरिनर-४ हे यान मंगळाजवळून गेले आणि त्याने पाठवलेल्या छायाचित्रांत कालवा नव्हता, खणणाराही नव्हता. होती ती उल्कापाताने पडलेली विवरे.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. माझे मामा नागपूर जिल्ह्यात उमरेडजवळच्या एका खेड्यात शेती करीत. तरुणपणी ते एकदा तुरीच्या जागलीला शेतात गेले होते. थंडीचे दिवस होते. पहाटेच्या सुमारास त्यांना पूर्वेकडे, झाडांच्या शेंड्यांवर, एक मोठा दिवा लोंबकळताना दिसला. तो कधी लाल होई, कधी हिरवा, कधी पांढरा. मामा बांधावरून चालू लागले तर तो झाडांमागून त्यांच्याबरोबर चाले; ते थांबले तर तो थांबे. त्यांनी घोंगडी गुंडाळून घेतली आणि उजाडेपर्यंत मचाणावर बसून राहिले. सूर्य वर आला तसा तो दिवा दिसेनासा झाला.

सकाळी त्यांनी हे पारावर सांगितले. पार खदखदून हसला. कोणी विचारले, "काल किती घेतली होती?" गावातल्या एका शिकलेल्या गृहस्थांनी तर, "अरे, शुक्र असेल तो," एवढे म्हणून पुन्हा वर्तमानपत्रात डोके घातले. त्या दिवसापासून गावाने मामांना 'तबकडीवाले' हे नाव दिले. बैलबाजारात, लग्नात, ग्रामपंचायतीच्या सभेत ते नाव त्यांच्यामागे फिरत राहिले. मामा पुढे चाळीस वर्षे त्या पहाटेविषयी एक अक्षर बोलले नाहीत. मला ती हकीकत मामींकडून समजली.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर तो बहुधा शुक्रच होता. क्षितिजाजवळचा तेजस्वी ग्रह आपल्याला हवेच्या जाड थरांतून दिसतो. ते थर हलत असतात, आणि त्यांतून येणारा प्रकाश फाटून लाल-हिरवा लुकलुकतो. दूरची वस्तू आपल्याबरोबर चालते असे वाटते, हा अनुभव तर धावत्या एस. टी.च्या खिडकीतून चंद्र पाहणाऱ्या प्रत्येक मुलाने घेतला आहे. अंधारात एकाच ठिपक्याकडे टक लावून पाहिले, तर आपल्या डोळ्यांच्या बारीक हालचालींमुळे तो स्थिर ठिपकाही सरकू लागतो. हे सारे खरे. परंतु 'बहुधा' हा शब्द मला गाळता येत नाही. ती तारीख कोणती होती हे कोणी विचारलेच नाही. तारीख ठाऊक असती, तर त्या पहाटे शुक्र कोठे होता हे आज काही क्षणांत काढता आले असते आणि मामांचे म्हणणे तपासता आले असते. हसणाऱ्यांनी तो पुरावा हसून घालवला. शिकलेल्या गृहस्थांचे उत्तर कदाचित बरोबरही असेल, पण त्यांनी ते तपासून दिले नव्हते. नुसते अंगावर टाकले होते.

याउलट काय घडू शकते ते पाहा. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखमध्ये सीमेवर पहारा देणाऱ्या आपल्या जवानांना आकाशात तेजस्वी वस्तू दिसू लागल्या. शेजारी देशाने टेहळणीसाठी पाठवलेली ही चालकरहित विमाने असावीत, असा संशय त्यांना आला. सीमेवरच्या माणसाला असा संशय येणे हे त्याचे कर्तव्यच आहे. त्यांनी थोड्याथोडक्या नव्हे, ३२९ नोंदी केल्या. त्या नोंदींना कोणी हसले नाही. बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेतील शास्त्रज्ञांना पाचारण करण्यात आले. वस्तू कोणत्या वेळी, कोणत्या दिशेला, ताऱ्यांच्या मानाने कशी सरकत होती हे त्यांनी तपासले, आणि निर्णय दिला, की एक वस्तू गुरू आहे व दुसरी शुक्र. त्या उंच पठारावरची हवा विरळ आणि स्वच्छ असते. तेथे ग्रह आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी तेजस्वी दिसतात. बंदूक खांद्यावर असलेल्या, डोळे तीक्ष्ण असलेल्या, शिस्तीत वाढलेल्या माणसांना जे विमान वाटले, ते एका शेतकऱ्याला दिवा वाटले तर त्यात हसण्याजोगे काय आहे?

अमेरिकेच्या हवाई दलाने या विषयाची चौकशी जवळजवळ बावीस वर्षे केली. 'प्रोजेक्ट ब्लू बुक' या नावाने ती ओळखली जाते. १९६९ मध्ये चौकशी बंद झाली तेव्हा दप्तरात १२,६१८ हकीकती जमल्या होत्या. त्यांतील बहुतेकींचा उलगडा झाला : ग्रह, तारे, उल्का, विमाने, फुगे, पक्ष्यांचे थवे, आणि काही ठिकाणी निव्वळ थापा. ७०१ हकीकतींचा उलगडा झाला नाही. शंभरातल्या जेमतेम सहा. तबकड्यांवर विश्वास ठेवणारे या ७०१ वर बोट ठेवतात आणि म्हणतात, "हे पाहा!" मी ते बोट पाहतो, पण उलगडा न होणे याचा अर्थ मला तेवढाच दिसतो. माझ्या कपाटाची किल्ली हरवली आणि सापडली नाही, म्हणून ती परग्रहावरच्या कोणी नेली असे काही मी म्हणत नाही.

परंतु संशयवाद्यांनाही येथे फार ताठ बसता येणार नाही. या चौकशीचे सल्लागार होते हायनेक नावाचे ज्योतिर्विद. आरंभी ते पक्के संशयवादी. १९६६ मध्ये मिशिगन राज्यात अनेक लोकांना रात्री दिवे दिसले, तेव्हा ते दलदलीतून निघणाऱ्या वायूचे असतील, असे त्यांनी पत्रकारांपुढे सुचवून टाकले. लोक संतापले. आम्ही एवढे वेडे आहोत काय, की आम्हाला दलदलीचा वायू समजू नये? हळूहळू हायनेक यांनाच वाटू लागले, की चौकशी करण्यापेक्षा हकीकती निकालात काढण्याचीच घाई चालली आहे. पुढे त्यांनी या विषयाच्या गंभीर अभ्यासासाठी स्वतःचे केंद्र काढले.

आणि रॉसवेलची गोष्ट तर याहून बोधक आहे. १९४७ च्या त्याच उन्हाळ्यात न्यू मेक्सिको राज्यात एका गुराख्याला माळरानावर रबराचे तुकडे, चंदेरी वर्ख, कागद आणि काड्या पडलेल्या सापडल्या. जवळच्या लष्करी तळाने ८ जुलैला जाहीर केले, की आमच्या हाती उडती तबकडी लागली आहे! लगेच वरिष्ठांनी सांगितले, की तो हवामानाचा फुगा होता. पुष्कळ वर्षांनी लोकांना वाटू लागले, की सरकार काहीतरी लपवीत आहे. त्यांना जे वाटले ते अगदी खरे होते. सरकार लपवीतच होते. १९९४ मध्ये हवाई दलाने आपला अहवाल दिला, की ते अवशेष एका गुप्त योजनेतील फुग्यांचे होते. रशियाने अणुस्फोट केला तर त्याचा ध्वनी वातावरणाच्या वरच्या थरांत ऐकू यावा म्हणून ध्वनिग्राहक यंत्रे बांधून हे फुगे सोडले जात. तेव्हा लपवाछपवी खरी, पण लपवलेली वस्तू मात्र या पृथ्वीवरचीच. खोटे बोलणाऱ्याचे पुढचे खरेही कोणी मानीत नाही. आजही रॉसवेलच्या तबकडीवर विश्वास ठेवणारे हजारो लोक आहेत, आणि त्यांना सर्वस्वी दोष देण्यास माझे मन धजत नाही.

आता पुन्हा मामांकडे येतो. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. मी त्या वेळी त्यांच्याकडे होतो. दिवेलागण होऊन गेली होती. अंगणात बाज टाकून आम्ही बसलो होतो. कोठूनतरी मोहाच्या फुलांचा गोड, जड वास येत होता. एवढ्यात गल्लीत मुलांचा गलका उठला. वर पाहिले, तो पश्चिमेकडून आगीच्या चार-सहा रेघा एकमेकींना धरून, जवळजवळ आडव्या, आकाश ओलांडीत निघाल्या होत्या. उल्का अशी जात नाही. उल्का डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपते. या रेघा मात्र सावकाश, मिरवणुकीसारख्या चालल्या होत्या, आणि चालता चालता त्यांचे तुकडे पडत होते. कोणी म्हणाले विमान पेटले. कोणी म्हणाले क्षेपणास्त्र आहे. एका म्हातारीने हात जोडले. मामा बाजेवरून उठून उभे राहिले होते. ते एवढेच म्हणाले, "आता हसा म्हणावं."

चाळीस वर्षांनी त्यांच्याबरोबर साऱ्या गावाने काहीतरी पाहिले होते. त्या रात्री मामा दोन घास जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी बातम्या आल्या. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी या गावी आकाशातून धातूचे एक मोठे कडे पडले होते. त्याचा व्यास सुमारे तीन मीटर. त्या परिसरात धातूच्या गोल टाक्याही सापडल्या. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. अवकाशात सोडलेल्या वस्तूंची काटेकोर नोंद ठेवणारे जोनाथन मॅकडॉवेल या ज्योतिर्विदाने सांगितले, की फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या एका चिनी अग्निबाणाचा हा टप्पा असावा. उपग्रह नेऊन सोडल्यावर तो पृथ्वीभोवती फिरत राहिला होता, आणि वातावरणाच्या घर्षणाने खाली खाली येत अखेर पेटला होता.

मी हे मामांना वाचून दाखवले. मला वाटले, ते निराश होतील. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, "म्हणजे माणसाचंच होतं?"

"हो, मामा."

"तीन मीटरचं कडं?"

"हो."

"मग ते वर नेणारा कोणीतरी असलाच पाहिजे."

या वाक्याचे महत्त्व तुमच्या ध्यानात यावे म्हणून सांगतो : मामांचा तबकड्यांवर विश्वास होता, पण माणूस चंद्रावर गेला यावर त्यांचा काडीइतका विश्वास नव्हता! ही विसंगती मला फार दिवस गमतीची वाटे. सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षे दूर आहे. १९७७ मध्ये निघालेले व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जात आहे. एवढे अंतर कापायला त्या वेगाने सत्तर हजारांहून अधिक वर्षे लागतील. तेवढ्या दुरून कोणी उमरेडच्या तुरीपर्यंत आला हे मामांना पटत होते, आणि ३,८४,००० किलोमीटरवरच्या चंद्रावर माणूस जाऊन आला हे पटत नव्हते. पण विचार करता मला दिसू लागले, की त्यात एक सूत्र आहे. तबकडी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. चंद्रावरचा माणूस त्यांना वर्तमानपत्राने सांगितला होता. ज्या पाराने त्यांना खोटे ठरवले, तोच पार चंद्राची बातमी मोठ्याने वाचीत होता.

कड्याच्या गोष्टीनंतर मात्र मामा वादाला तयार झाले. त्यांनी पहिला बाण सोडला, "चंद्रावर वारा नाही म्हणतोस, मग झेंडा कसा फडकला?" मी म्हणालो, तो फडकला नाही, तो लोंबू नये म्हणून त्याच्या वरच्या कडेला आडवी दांडी घातली होती. "फोटोत तारे का नाहीत?" लग्नाच्या मांडवात झगझगीत दिव्यांखाली काढलेल्या फोटोत तरी वरचे तारे कोठे दिसतात, मी विचारले. उन्हात न्हालेली जमीन नीट यावी म्हणून कॅमेरा क्षणभरच उघडला, तर फिकट तारे त्यात उमटत नाहीत. मग मी माझा मोठा पुरावा काढला. अपोलोच्या प्रवाशांनी चंद्रावर आरसे ठेवले आहेत. पृथ्वीवरून त्यांच्यावर लेसर किरण सोडला, तर सुमारे अडीच सेकंदांनी तो परत येतो.

मामांनी क्षणभर मिशीवरून हात फिरवला. "आरसा ठेवायला माणूस कशाला लागतो? यंत्रानं नाही ठेवता येत?"

मी चकित झालो, कारण त्यांचे म्हणणे बिनतोड होते. रशियाने १९७० आणि १९७३ मध्ये चंद्रावर उतरवलेल्या मानवरहित गाड्यांवर असेच आरसे आहेत, आणि त्यांच्यावरूनही किरण परत येतो. कोणत्याही शाळेत न शिकलेल्या माणसाने माझ्या पुराव्याचे कच्चे टोक अचूक धरले होते. मला दुसरा पुरावा शोधणे भाग होते, आणि तो होता दगडांचा. १९६९ ते १९७२ या काळात बारा माणसे चंद्रावर चालली. त्यांनी मिळून ३८२ किलो दगड-माती आणली. रशियाच्या यंत्रांनीही चंद्राची माती आणली; तीन खेपांत मिळून अर्धा किलोही नव्हे. एवढे दगड वेचून आणायला हात लागतात. त्या दगडांत पाण्याचा मागमूस जवळजवळ नाही. त्यांच्या पृष्ठभागावर सूक्ष्म उल्काकणांनी पाडलेले खळगे आहेत, आणि वातावरण असलेल्या पृथ्वीवरच्या दगडावर असे खळगे पडत नाहीत. हे नमुने जगभरच्या प्रयोगशाळांत गेले. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही त्यांचा अभ्यास केला. शिवाय ज्या रशियाला हे नाटक उघडकीस आणण्यात सर्वांत अधिक आनंद झाला असता, त्या रशियानेही कधी शंका घेतली नाही. आपल्या चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्यानेही अपोलो-११ जेथे उतरले ती जागा टिपली आहे.

"मुंबईत दगड आले होते?" मामांनी विचारले. एवढाच प्रश्न. पटले की नाही ते त्यांनी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

परग्रहावरील जीवनाचा प्रश्न काढला, की मुलांना मी एक नाव आवर्जून सांगतो : जयंत नारळीकर. कोल्हापूरला जन्मलेले, मराठीत विज्ञानकथा लिहिणारे, पुण्यात आयुकासारखी संस्था उभी करणारे हे शास्त्रज्ञ २० मे २०२५ रोजी आपल्यातून गेले. फलज्योतिषासारख्या समजुतींवर त्यांनी आयुष्यभर कठोर टीका केली. असा माणूस परग्रहावरच्या जीवनाची गोष्ट काढणाऱ्याला दारातूनच परत पाठवील, असे वाटेल. परंतु त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय केले? जीवनाचे बीज अंतराळातून पृथ्वीवर येत असेल, या फ्रेड हॉईल आणि चंद्र विक्रमसिंघे यांच्या कल्पनेची परीक्षा घेण्यासाठी त्यांनी फुगा सोडला! रॉसवेलचा फुगा लपवलेला होता, हा सर्वांसमोरचा.

२००१ मध्ये असा एक प्रयोग झाला होता. दुसरा झाला २० एप्रिल २००५ रोजी. हैदराबादहून सोडलेल्या त्या प्रचंड फुग्याला ४५९ किलो वजनाची सामग्री बांधली होती. तिच्यात पोलादाच्या सोळा नळ्या होत्या. त्या आतून निर्वात आणि पूर्णपणे निर्जंतुक केलेल्या. बाहेर द्रवरूप निऑन, म्हणजे भयंकर थंडी. वीस ते एकेचाळीस किलोमीटर उंचीवर वेगवेगळ्या ठिकाणी एकेक नळी उघडायची, तिने तिथली विरळ हवा ओढून घ्यायची आणि पुन्हा बंद व्हायचे. मग सारे हवाई छत्रीने खाली यायचे. विचार करा, या प्रयोगातला खरा शत्रू कोण? आपणच! आपल्या बोटांवर, श्वासात, कपड्यांवर असंख्य जीवाणू असतात. त्यांतला एक जरी नळीत शिरला, तरी उद्या जगभर डंका वाजेल, की अंतराळात जीव सापडला. म्हणून नमुने एकाच प्रयोगशाळेत दिले नाहीत. काही हैदराबादला तपासले, काही पुण्याला, स्वतंत्रपणे आणि एकाच पद्धतीने.

नळ्यांतून जीवाणूंच्या बारा वसाहती वाढल्या. त्यांपैकी तीन जाती विज्ञानाला सर्वस्वी नव्या होत्या, आणि सूर्याच्या अतिनील किरणांना त्या पृथ्वीवरच्या आपल्या भाऊबंदांपेक्षा अधिक दाद देत नव्हत्या. एका जातीला हॉईल यांचे नाव दिले, एकीला आर्यभटाचे, एकीला आपल्या अवकाश संशोधन संस्थेचे. आता क्षणभर त्या शास्त्रज्ञांच्या जागी स्वतःला कल्पा. एकेचाळीस किलोमीटरपर्यंतच्या हवेत नवे जीव हाती लागले आहेत. जग बातमीसाठी आतुर आहे. 'पाहुणे आले' एवढे दोन शब्द उच्चारायचा अवकाश! २००९ मध्ये जे निवेदन निघाले त्यात मात्र असे म्हटले होते, की हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असे या प्रयोगाने निर्णायकपणे सिद्ध होत नाही. मात्र शोध पुढे चालू ठेवण्यास त्यातून उत्तेजन मिळते. मी हे वाक्य पुष्कळदा वाचले आहे. माझ्या मते ते कोणत्याही तबकडीपेक्षा अधिक थरारक आहे. २०२३ मध्ये अमेरिकेच्या नासा या संस्थेने नेमलेल्या समितीनेही आकाशातील अज्ञात वस्तूंविषयी जवळपास असेच सांगितले : परग्रहाचा पुरावा नाही, आणि नोंदी चांगल्या नसतील, तर निर्णय होणार नाही.

गेल्या काही वर्षांत आकाशातली माणसाची वर्दळ फार वाढली आहे. अनेक उपग्रह मण्यांच्या माळेसारखे रांगेने जाताना दिसतात, आणि दुसऱ्या दिवशी गावोगाव तबकडीची वार्ता होते. २०२५ च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर गेले. राकेश शर्मांच्या १९८४ मधील उड्डाणानंतर अंतराळात गेलेले ते भारताचे दुसरे अंतराळवीर. ते तेथे असतानाच स्थानक आपल्या डोक्यावरून जाताना पाहायचे, असा आमच्या वर्गाने हट्ट धरला. पावसाळ्याचे दिवस. तीन संध्याकाळी ढगांनी दार उघडलेच नाही. चौथ्या संध्याकाळी शाळेच्या गच्चीवर आम्ही ओल्या फरशीवर उभे होतो, आणि ढगांच्या दोन डोंगरांमधून एक पांढरा, न लुकलुकणारा प्रकाश निघाला. तो सरळ वर चढला, गुरूपेक्षाही तेजस्वी झाला, आणि आकाशाच्या मध्याच्या जरा पुढे जाऊन हळूहळू विझला.

"विमान होतं," एक मुलगा म्हणाला.

"विमान असं मध्येच विझतं का?" दुसरीने विचारले. तिच्या वहीत वेळ, दिशा आणि विझल्याची जागा लिहून झाली होती. "ते पृथ्वीच्या सावलीत गेलं."

मुलाने वहीत डोकावून पाहिले. थोडा वेळ विचार करून तो माझ्याकडे वळला. "बरं, स्थानक होतं. पण सर, त्यात माणूस आहे हे काही आपण पाहिलं नाही."

"नाही पाहिलं," मी म्हणालो.

"मग कशावरून?"

मग दुर्बिणीतून काय काय दिसू शकेल, रेडिओवर त्याचा आवाज आपल्याला ऐकता येईल काय, आणि तो आवाज वरूनच येतो आहे हे कसे ओळखावे, यावर गच्चीत अशी काही वादावादी सुरू झाली, की पावसाचे पहिले टपोरे थेंब वहीवर पडले तेव्हाच आम्ही जिन्याकडे पळालो.